स्वराखालची रेघ

वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे, अठराच्या अठरा अध्याय. १९३०-३१ साली वर्ध्यातच लिहिलेला हा मजकूर दगडात गेला, त्यामुळे त्यातला काना-मात्रा आता हलणार नाही. पण गीताई ज्या चालीवर म्हणतात ती चाल त्या शिळांवर कुठेच नाही. ती पवनारला, सेवाग्रामला, शाळांमधून आणि घरांमधून ऐकून ऐकूनच पुढे गेली. तरी ती टिकली, याचं एक कारण छंदात आहे. अनुष्टुभाच्या चरणात अक्षरं आठ. एखादं गळलं की म्हणणाऱ्याची जीभ तिथेच अडखळते. चूक झाली हे मजकूरच सांगतो.

भजनाला अशी सोय नसते. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा प्रार्थनेबरोबर 'आश्रम-भजनावली'ही आली. ती साबरमतीत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी जमवली होती. खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, दांडीयात्रेतले एक पदयात्री. १९३८ साली हरिपुऱ्याला ते वारले. भजनावलीत पदांच्या माथ्यावर राग आणि ताल दिलेला असतो, स्वरलिपी नसते. राग येणाऱ्याला तेवढ्या खुणेवरून वाट सापडते. न येणाऱ्याला चाल कुणाकडून तरी ऐकावीच लागते. मग ऐकवणारा माणूस राहिला नाही तर काय करायचं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर म्हणजे चाल अक्षरांत लिहून ठेवणं. महाराष्ट्रातल्या दोन माणसांनी हे काम शंभर वर्षांपूर्वी हाती घेतलं आणि त्याच्या दुरुस्त्या अजून चालू आहेत.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गात एका वेळी अनेकांना शिकवायचं तर हातात पुस्तक हवं, आणि पुस्तकात स्वर लिहिण्याची रीत हवी. इकडे मुंबईत विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग उभे केले. दोघांनीही पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी बाजूला ठेवली आणि सा रे ग म हीच अक्षरं घेतली. म्हणजे दोघांचीही स्वरलिपी मुळात मजकूरच आहे. फरक आहे तो अक्षराला चिकटवलेल्या खुणांमध्ये.

आणि तो फरक चांगलाच अडचणीचा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र सप्तक. भातखंड्यांकडे 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुस्करांकडे डोक्यावरची उभी रेघ तार सप्तक दाखवते. कोमल स्वर भातखंडे खाली आडवी रेघ देऊन दाखवतात, पलुस्कर पाय मोडून. सम एकाकडे गुणिले, दुसऱ्याकडे १. खाली एकाकडे शून्य, दुसऱ्याकडे अधिक. पुढे भातखंडे पद्धत जास्त पसरली, पण खऱ्यांसारखे आश्रमांतले गायक पलुस्करांच्या परंपरेतले. तेव्हा विदर्भातल्या एखाद्या जुन्या वहीत न जुळणारी स्वरलिपी सापडली, तर ती चुकलेली आहे असं म्हणण्याआधी ती कोणत्या पद्धतीची आहे ते बघावं. समेची खूण पाहिली की ते सहसा पहिल्याच ओळीत कळतं.

खुणा अक्षराच्या वर-खाली ठेवण्यातला धोका छापखान्यात उघड होतो. खिळे जुळवणाऱ्याकडे 'ग' असतो. रेघवाला 'ग' वेगळा करून घ्यावा लागतो, आणि छापताना रेघ पुसट उमटली की तो साध्या 'ग'सारखाच दिसतो. बंगालने यातून वेगळी वाट काढली होती. ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांशी जोडल्या गेलेल्या आकारमात्रिक पद्धतीत कोमल स्वरांना स्वतंत्र अक्षरंच आहेत: कोमल ऋषभासाठी 'ऋ', कोमल गंधारासाठी 'ज्ञ', कोमल धैवतासाठी 'द', कोमल निषादासाठी 'ण'. ही अक्षरं नेहमीच्या खिळ्यांत असतातच. अक्षर एक तर छापलं जातं, नाहीतर जागा रिकामी दिसते. अर्धवट छापून फसवत नाही.

संगणकावर स्वरलिपी मजकुरात लिहिणाऱ्यांनीही पुढे हाच निवाडा केला. १९९६ च्या सुमारास दोन डच तरुणांनी सुरू केलेल्या 'लिलीपाँड' या मोफत प्रणालीत सूर साध्या अक्षरांनी लिहायचे आणि त्यातून छापील पाच रेघांचं पान मिळवायचं. तिथे कोमल-तीव्र ही अक्षराला जोडलेली खूण नाही, स्पेलिंगचाच भाग आहे. सप्तकासाठी मात्र स्वल्पविराम आणि वरचा टिंबा आहे, आणि प्रत्येक सूर मागच्या सुराच्या जवळचा धरायचा असं सांगितलं असेल, तर एक स्वल्पविराम सुटताच पुढचं सगळं गाणं एक सप्तक वर जातं. चूक जिथे दिसते तिथे ती नसते. वर कुठेतरी असते. जाणकार अर्धा मजकूर झाकून पाहतात, मग उरलेल्याचा अर्धा, असं करत दोषाच्या ओळीशी येतात. शिवाय या प्रणालीत प्रत्येक मापाच्या शेवटी उभी रेघ लिहिता येते. आधीच्या मात्रांची बेरीज तिथे जुळली नाही तर संगणक ओळीचा आकडा देऊन सांगतो.

ही राखण भातखंड्यांच्या पानावर आधीपासून आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या खणांत मांडलेल्या असतात, एका मात्रेतल्या स्वरांखाली चंद्रकोर असते. चंद्रकोर गळली की खणात चाराच्या जागी पाच मात्रा होतात आणि मोजणारा थांबतो. लयीची चूक लपत नाही. स्वराची लपते. कोमल गंधाराखालची रेघ गेली तर मात्रा तितक्याच राहतात, खण भरलेलाच राहतो, पान नीटनेटकं दिसतं. फक्त सूर दुसरा झालेला असतो. भैरवीच्या रे॒ ग॒ ध॒ नि॒ या चार स्वरांखालच्या रेघा गेल्या की उरतात ते बिलावलाचे स्वर. रडवेलं भजन हसू लागतं.

आज ही गळती छापखान्यापेक्षा मोबाइलवर जास्त होते. वर्डमध्ये 'ग' अधोरेखित केला तर ती रेघ अक्षराचा भाग नसते, वरून चढवलेली सजावट असते. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अक्षरं जातात, रेघा मागे राहतात. यावरचा उपाय अनपेक्षित ठिकाणी मिळतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी वेदपठणाच्या स्वरचिन्हांना जागा दिलेली आहे: अक्षराखालची आडवी रेघ आणि डोक्यावरची उभी रेघ. ऋग्वेदाच्या पोथीतल्या या दोन खुणा दिसायला नेमक्या भातखंड्यांच्या कोमल आणि तीव्र खुणांसारख्या आहेत. ग॒ किंवा म॑ असं लिहिलं तर रेघ अक्षराबरोबर प्रवास करते. समोरच्याच्या फोनवर चौकोन दिसला तर दोष बहुधा फाँटचा असतो; आतला मजकूर शाबूत असतो. मंद्र सप्तकाच्या टिंबाला मात्र क्रम लागतो. आधी व्यंजन, लगेच नुक्ता, मग वेलांटी: ऩि. वेलांटीनंतर टिंब दिलं तर ते पुष्कळदा ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर जाऊन बसतं.

इतकं करूनही रेघ गळालीच तर काय वाचवतं? माथ्यावरचं रागाचं नाव. वर 'भैरवी' लिहिलंय आणि खाली एकही कोमल स्वर नाही, म्हणजे रेघा वाटेत पडल्या हे कळतं. मात्रांची राखण ताल करतो, स्वरांची राग करतो. खऱ्यांच्या भजनावलीतली ती छोटी ओळ या अर्थाने फार मोलाची आहे. पण हा पहारेकरीही कधी डुलकी घेतो. भजनातल्या भैरवीत बाराही स्वर येऊ शकतात. तिथे शुद्ध ऋषभ मुद्दाम घेतला की रेघ पडली, हे नाव सांगू शकत नाही.

आणि ज्या चालींना रागाचं नावच नाही त्यांचं काय? तुकडोजी महाराज १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींकडे राहिले होते. त्यांच्या खंजिरीवरच्या भजनांची परंपरा या भागातल्या भजनी मंडळांत गावोगाव चालते. अशा चाली, तशाच दंडारीतल्या आणि जात्यावरच्या, रागाच्या चौकटीत बसवायला गेलं तर त्यांचा एखादा स्वर उगाच सरळ केला जातो. न बसवता लिहिल्या, तर एक रेघ गळाल्यावर ती पुन्हा कुठे द्यायची ते सांगणारं पानावर काहीच उरत नाही. सर्वात जास्त जपायला हव्यात त्या चालींनाच सर्वात कमी पहारा आहे.

उपाय साधा आहे आणि त्याला कोणतीही प्रणाली लागत नाही. चाल लिहिताना सुरुवातीला शब्दांत एक ओळ घालावी: स्वरलिपी भातखंडे पद्धतीची, ताल अमुक, मात्रा इतक्या, गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, दुसऱ्या ओळीत एकदा शुद्ध निषाद. टिंब पडतं, रेघ पुसते, फाँट बदलतो. 'कोमल' हा शब्द मात्र कुठल्याही फोनवर, कुठल्याही कागदावर 'कोमल'च राहतो. पन्नास वर्षांनी आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या एखाद्या मुलीने ते पान उघडलं आणि चाल सांगणारं जवळ कुणी नसलं, तर पेटीवर बोट कुठे ठेवायचं हे तिला त्या एका ओळीवरून कळेल.