मालाडच्या पलीकडचं ऐकायचंय? मुंबईच्या उपनगरांतलं डीएक्सिंग

मोबाईलमधल्या एफएम ॲपवर मुंबईबाहेरचं स्टेशन सहसा लागत नाही. त्यात फोनचा दोष नाही. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, म्हणून शे-सव्वाशे किलोमीटरनंतर खेळ संपतो. मीडियम वेव्हचं तसं नसतं. रात्री तुमच्या खिडकीत अहमदाबाद, हैदराबाद, कधी दिल्लीसुद्धा येऊन जाते. फक्त ते पकडायला फोन चालत नाही, कारण फोनमध्ये मीडियम वेव्हचा रिसीव्हरच नसतो. घरात पडलेला जुना फिलिप्स किंवा साधा पॉकेट रेडिओ काढा.

दूरचं स्टेशन थेट हवेतून पकडायच्या या छंदाला डीएक्सिंग म्हणतात. 'डीएक्स' हा तारायंत्राच्या काळापासूनचा 'लांब अंतर' यासाठीचा शॉर्टफॉर्म आहे. ॲपवर स्ट्रीम लावलं तर ते यात धरत नाहीत!

आपल्या आजी-आजोबांनी हे नाव न ऐकताच डीएक्सिंग केलंय. १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली ती रेडिओ सिलोनवर. अमीन सायानी कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड करायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर सुमारे १५०० किलोमीटर अंतर कापून आवाज परत मुंबईत यायचा. विविध भारती आली १९५७ मध्ये.

रात्रीच का?

आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा 'डी' थर जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर असतो. दिवसा सूर्यामुळे तो तयार होतो आणि मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. पूर्वेकडे अंधार आधी पडतो, म्हणून संध्याकाळी पूर्वेकडची स्टेशनं लवकर वर येतात. पहाटे उलट, पश्चिमेकडची जास्त वेळ टिकतात.

खरी अडचण मालाडची

नवीन माणूस आधी मोठी अँटेना शोधतो. उपनगरात बहुतेक वेळा अडचण सिग्नल कमी असण्याची नसते, जवळचा आवाज जास्त असण्याची असते. मुंबई आकाशवाणीचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर मालाडला मालवणी भागात आहेत. मुंबईचे आकडे ५५८ (अस्मिता), १०४४ आणि ११८८ (विविध भारती) किलोहर्ट्झ. इतके जोरदार सिग्नल जवळून आले की साधा रेडिओ आतल्या आत त्यांची भेसळ करतो. ११८८ मधून ५५८ वजा केले की ६३०, १०४४ आणि ५५८ मिळवले की १६०२. या आकड्यांवर दोन कार्यक्रम एकावर एक ऐकू आले तर नवीन स्टेशन सापडलं म्हणून उड्या मारू नका, ते तुमच्या रेडिओतच जन्मलंय. रेडिओला 'लोकल/डीएक्स' बटण असेल तर बोरिवली-मालाडकडच्यांनी आधी 'लोकल'वर टाकून बघावं. उलटं वाटेल, पण भेसळ कमी होते.

मुख्य उपाय फुकटचा आहे. पोर्टेबल रेडिओत मीडियम वेव्हसाठी फेराइटची कांडी असते, बहुतेक वेळा रेडिओच्या लांबीला समांतर. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिथलं स्टेशन सगळ्यात क्षीण येतं. कांडी ज्याला आडवी, ते सगळ्यात जोरात. म्हणजे कांडीचं टोक मालाडकडे रोखायचं.

इथे फोन कामाला येतो. मॅपवर मालवणीची दिशा बघा, कंपासवर ती पकडा. रीडिंग रेडिओपासून लांब उभं राहून घ्या, नाहीतर स्पीकरच्या चुंबकाने सुई भरकटते. मुलुंडहून मालवणी जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. तिथे रेडिओ पूर्व-पश्चिम ठेवला की मालाड दबतं आणि उत्तर-दक्षिण उघडते: अहमदाबाद ८४६, पणजी १२८७. अंधेरीहून मालाड साधारण उत्तर-वायव्येला, म्हणून तिथे पूर्वेकडची बाजू फायद्याची, हैदराबाद ७३८ आधी शोधा. घाटकोपरकरांना मालाड वायव्येला, तर बोरिवलीकरांना नैऋत्येकडे. मालाड पूर्ण गप्प होत नाही, पण शेजारचे आकडे मोकळे होतात. पुणे ७९२, दिल्ली ६६६ आणि ८१९, बंगळुरू ६१२ हेही लिहून ठेवा. डिजिटल रेडिओ असेल तर स्टेप ९ किलोहर्ट्झ हवी. १० ही अमेरिकेतली पद्धत, त्यावर अर्धी स्टेशनं हुकतात.

दुसरा शत्रू घरातलाच: एलईडी दिवे, फोनचे चार्जर, वायफाय राउटरचा ॲडॅप्टर, सोसायटीची लिफ्ट. बॅटरीवर रेडिओ लावून घरातला मेन स्विच दोन मिनिटं बंद करा (घरच्यांना आधी सांगून). खरखर गेली तर एकेक वस्तू चालू करत गुन्हेगार शोधा. नाही गेली तर ती शेजाऱ्यांची आहे, गच्चीवर जा. नॅशनल पार्क शांत आहे खरं, पण संध्याकाळी बंद होतं, म्हणजे आपल्या कामाचं नाही. गोराई बरं.

एफएमवाल्यांनाही एक संधी असते. पावसाळ्याआधी अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर बसतो आणि लहरी त्याखाली बोगद्यातून गेल्यासारख्या खूप लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या एका रडारला याच कारणाने उन्हाळ्यात हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानातून प्रतिध्वनी मिळाले होते. एप्रिल-मेमध्ये समुद्राकडच्या खिडकीत रिकामे आकडे तपासत राहा.

वेळ मात्र फार नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं आणि आकाशवाणीने अनेक जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत. एखादा आकडा लागला नाही तर ट्रान्समीटर चालू आहे का, हे फोनवरून किवीएसडीआरच्या नकाशात त्या भागातला सार्वजनिक रिसीव्हर उघडून बघता येतं. नुसतं रेडिओ स्टेशन ऐकायला लायसन्स लागत नाही. प्रक्षेपण करायला लागतं, आणि पोलीस किंवा विमानांची संभाषणं ऐकायच्या भानगडीत पडू नका.

स्टेशन ओळखताना घाई नको. रात्री ९ च्या इंग्रजी बातम्या दिल्लीहून येतात आणि बरीच केंद्रं त्याच लावतात, तेव्हा सगळे आकडे सारखेच वाटतात. बातम्या संपल्यावर निवेदक कुठल्या भाषेत बोलतो, केंद्राचं कुठलं नाव घेतो, ते ऐका आणि लगेच लिहा: आकडा, वेळ, काय ऐकलं. तेवढ्यावर स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट पाठवता येतो, पटला तर पुष्टीचं क्यूएसएल कार्ड येतं. रिपोर्टमध्ये वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्री १२:३० ला ऐकलेलं स्टेशन आदल्या दिवशीच्या १९:०० ला जातं, तेव्हा तारीखही एक दिवस मागे घ्या.