अष्टांगहृदयाची तिबेटी परंपरा आणि स्त्रीरोगचिकित्सा

तिबेटी वैद्यक म्हणजे आयुर्वेदाची केवळ नक्कल होय, असे मत पुष्कळदा मांडले जाते. स्त्रीरोगचिकित्सेचा इतिहास पाहिला असता हे मत अपुरे ठरते.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'चे तिबेटी भाषांतर अकराव्या शतकात रिन्छेन झांगपो (९५८–१०५५) ह्याने पंडित जनार्दनाच्या साहाय्याने केले. पुढे बाराव्या शतकातील युथोक योन्तेन गोन्पो ह्याच्या नावाशी निगडित असलेला 'ग्युशी' (चार तंत्रे) हा १५६ अध्यायांचा ग्रंथ तिबेटी वैद्यकाचा मूलाधार बनला. त्यावर वाग्भटाची छाप स्पष्ट आहे.

वाग्भटाची आठ अंगे म्हणजे काय, बाल, ग्रह, ऊर्ध्वांग, शल्य, दंष्ट्रा, जरा व वृष. त्यांत स्त्रीरोगांस स्वतंत्र स्थान नाही. गर्भ व प्रसूती ह्यांचा विचार शारीरस्थानात येतो, तर वीस योनिव्यापदे उत्तरस्थानात पुरुषांच्या गुह्यरोगांबरोबर सांगितली आहेत. 'ग्युशी'तही अंगे आठच आहेत. परंतु ऊर्ध्वांगाचे रोग कायचिकित्सेत सामावून त्या रिकाम्या जागी 'मोने', म्हणजे स्त्रीरोग, हे अंग आले आहे. संख्या राखून आशय बदलण्याची ही रीत नकलेची नव्हे, विचारपूर्वक केलेल्या पुनर्रचनेची होय.

औषधींतही हेच दिसते. हिरडा व शतावरी ह्यांना तिबेटी नावे मिळाली. अश्वगंधेचे संस्कृत नाव किंचित पालटून टिकले. त्यांच्या जोडीस हिमालयातील 'तारबू' ह्या काटेरी झुडपाची आंबट फळे आली व त्यांचा आटवलेला रस अडलेल्या आर्तवावर योजला जाऊ लागला.

ह्याच ग्रंथाची दक्षिणेतील वाट निराळी होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याने त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात (१२७३–१२७७) ह्याच हेमाद्रीचा उल्लेख आहे. दक्षिणेत टीकेने मूळ संहितेचा अर्थ उलगडला. तिची अष्टांगविभागणी मात्र तशीच राहिली.

भारतात २०१० साली 'सोवा-रिग्पा' ह्या नावाने तिबेटी वैद्यकास कायद्याने स्वतंत्र मान्यता मिळाली. तथापि दोन्ही परंपरांचा एक मूलग्रंथ समान आहे. ह्यास्तव सोलापूरच्या अभ्यासकास हेमाद्रीची टीका वाचताना तिबेटी शाखा परकी मानून चालणार नाही. वाग्भटाने स्त्रीरोगांची मांडणी कोठे अपुरी ठेवली, हे ती शाखाच दाखवून देते.