पेनांगची कावड

मलायी भाषेंत ‘पिनांग’ म्हणजे सुपारी, आणि ‘पुलाउ पिनांग’ म्हणजे सुपारीचें बेट. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशीं असलेल्या ह्या बेटावर जॉर्ज टाउन हें शहर वसलें आहे. मलेशियांतील खवय्यांचें हें माहेरघर समजलें जातें. परंतु तेथील नांवाजलेले पदार्थ राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत जन्मले नाहींत. ते जन्मले रस्त्यावर, हातगाडीवर आणि हमालाच्या भुकेपोटीं. ते कोणी, कोठून आणि कां आणले हें पाहूं लागलें, म्हणजे ह्या शहराचा सारा इतिहास हळूहळू डोळ्यांपुढें उभा राहतो.

इ. स. १७८६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ११ तारखेस फ्रान्सिस लाइट ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें ह्या बेटावर निशाण लावलें. बेट केडाच्या सुलतानाचें होतें. सयामच्या स्वारीपासून कंपनी आपलें रक्षण करील ह्या आशेवर त्यानें तें देऊं केलें. रक्षण मात्र कधींच मिळालें नाहीं. १७९१ सालीं सुलतानानें बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि वार्षिक रकमेवर त्यास समाधान मानावें लागलें. व्यापारी ओढून आणण्यासाठीं लाइटनें बंदर जकातीवांचून खुलें ठेविलें. १८०५ सालीं कंपनीनें पेनांगला मुंबई, मद्रास व बंगाल ह्यांच्या पंक्तीस बसवून चवथा इलाखा केलें. पुढें १८२६ सालीं सिंगापूर व मलाक्का हीं ठाणीं त्यास जोडलीं गेलीं, आणि १८६७ पर्यंत ह्या साऱ्या मुलुखाचा कारभार हिंदुस्थानांतून चालला.

खुल्या बंदरांत माणसें लोटलीं. चोळमंडलाच्या किनाऱ्यावरून तमिळ मुसलमान व्यापारी आले. त्यांना ‘चुलिया’ म्हणत, आणि त्यांच्या नांवाचा रस्ता शहरांत अजून आहे. दक्षिण चीनमधून होक्किएन, तेओच्यू, कॅन्टनी, हाक्का आणि सर्वांच्या शेवटीं हैनानी आले. समोरच्या पेराक संस्थानांत कथलाच्या खाणी निघाल्या, मागाहून रबराचे मळे उभे राहिले, आणि नागपट्टणमहून येणाऱ्या आगबोटी तमिळ मजुरांना पेनांगच्या धक्क्यावर उतरवूं लागल्या. ह्या येणाऱ्यांत बहुतेक सारे पुरुष होते, आणि तेहि एकटे. मुंबईच्या गिरणगांवांतील एकट्या कामगाराला निदान कोणा बाईच्या खाणावळीचा आधार मिळे. पेनांगांत एकोणिसाव्या शतकांत चिनी व तमिळ मजुरांच्या वस्तींत बायकाच इतक्या थोड्या होत्या, कीं असें घरगुती अन्न दुर्मिळ होतें. एका खोलींत दाटीनें निजणाऱ्या माणसांना चूल कोठली? तेव्हां स्वयंपाकघरच रस्त्यावर आलें.

तें प्रथम आलें खांद्यावरून. ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘कंदार’ म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेता कावडीच्या एका टोकास भाताचें आणि दुसऱ्या टोकास कालवणाचें भांडें लटकावून सकाळीं धक्क्याकडे निघे. बोटींतून माल उतरविणारे हमाल हें त्याचें गिऱ्हाईक. भात गरम, कालवण झणझणीत, किंमत थोडी आणि पोट भरलेलें. ह्याहून अधिक अपेक्षा कोणाची नव्हती. आज नासी कंदार ऐसपैस दुकानांतून मिळतो. कॅम्पबेल स्ट्रीटवरील हमीदिया हें दुकान १९०७ सालचें आहे. कावड कधींच गेली, परंतु नांवांत ती अजून लटकत आहे. वाढण्याची रीतहि जुनीच आहे. मासे, कोंबडी, भेंडी ह्यांच्या निरनिराळ्या कालवणांचे रस एकाच भातावर एकमेकांत मिसळून ओततात. रस भरपूर हवा असेल, तर गिऱ्हाईक ‘बांजिर’ असें सांगतें. बांजिर म्हणजे पूर.

चिनी विक्रेत्यांची तऱ्हा निराळी. ‘चार क्वे तिआव’ हा पेनांगचा सर्वांत गाजलेला पदार्थ. तांदळाच्या पिठाच्या चपट्या, ओलसर पट्ट्या डुकराच्या चरबींत, जळत्या आंचेवर, लोखंडी कढईंत परतावयाच्या. त्यांत कोळंबी, शिंपल्यांतील मांस, मोड आलेले मूग, चिनी पात आणि अंडें घालावयाचें. हें मजुराचें खाणें. चरबी भरपूर आणि किंमत अल्प, म्हणून तें कष्टकऱ्याला परवडे. मासे धरणारे व शिंपल्या वेंचणारे लोक दिवसाचें काम आटोपून संध्याकाळीं हा पदार्थ विकीत, असें सांगितलें जातें. जाणता आचारी एका वेळीं एकच बशी परततो. कारण कढईंत गर्दी झाली कीं पट्ट्या भाजण्याऐवजीं शिजतात आणि जाळाचा तो करपट सुगंध नाहींसा होतो.

धर्मानें आणि आहारानें वेगळे असलेले हे लोक एकाच रस्त्यावर चुली मांडून बसले, तेव्हां एकमेकांच्या कढईंतील वास घेतल्यावांचून कसे राहतील? मुसलमानास चरबी वर्ज्य. म्हणून त्यानें चिनी शेवया घेतल्या आणि त्या आपल्या पद्धतीनें तिखट मसाल्यांत तेलावर परतल्या. त्यास ‘मी गोरेंग’ म्हणतात. ‘मी’ हा होक्किएन शब्द, ‘गोरेंग’ म्हणजे तळणें-परतणें हा मलायी, आणि परतणारा हात बहुधा तमिळ. तीन समाजांचा हा करार कोणत्याहि दप्तरांत नोंदलेला नाहीं.

परंतु ह्या बेटाची खरी जिव्हा ओळखावयाची, तर ‘असाम लाक्सा’ चाखावयास हवा. ‘असाम’ म्हणजे आंबट. जाड्या तांदळी शेवयांवर माशाचा आंबट-तिखट रस्सा, वर काकडी, अननस, कांदा व पुदिना, आणि शेवटीं कोळंबीच्या काळ्या, गोडसर अर्काचा एक चमचा. हा पदार्थ एखाद्या कोंकणी गृहिणीपुढें ठेविला, तर ती बुचकळ्यांत पडेल, आणि क्षणांत ओळखीचें हंसेलहि. कारण रश्श्यांतील मासा बहुधा बांगडाच असतो. आंबटपणासाठीं चिंचेबरोबर ज्या ‘असाम गेलुगोर’ फळाच्या वाळलेल्या चकत्या घालतात, तें कोकमाच्याच कुळांतलें. आणि मसाल्यांत वाटली जाणारी ‘बेलाचान’ ही मिठांत मुरवून वाळविलेल्या सुकटीची वडी, तिच्यांतील जीव म्हणजे जवळ्याचाच भाऊबंद. ह्यांत कोणी कोणाचें उसनें घेतलें असें नव्हे. एकाच महासागराच्या दोन किनाऱ्यांना समुद्रानें तींच देणीं दिलीं, एवढेंच. ह्या पदार्थाचा पाया मलायी आहे. त्यावर हात फिरला तो चिनी पुरुष व स्थानिक स्त्रिया ह्यांच्या संबंधांतून वाढलेल्या पेरानाकान घराण्यांतील ‘न्योन्यां’चा. एकट्या पुरुषांच्या ह्या शहरांत जेथें जेथें घर उभें राहिलें, तेथें अन्नाला नाजूकपणा आला.

हैनानी लोक उशिरां आले, तोंवर बरेचसे किफायतीचे धंदे इतरांच्या हातीं गेले होते. पुष्कळांनीं गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत आचाऱ्याची नोकरी धरिली. पुढें ह्या समाजानें स्वतःचीं कॉफीचीं दुकानें थाटलीं, तीं ‘कोपीतिआम’. ह्यांतहि ‘कोपी’ मलायी आणि ‘तिआम’ म्हणजे दुकान हा होक्किएन शब्द. दुकानदार पेय विकी आणि दारांतील जागा निरनिराळ्या फेरीवाल्यांना भाड्यानें देई. गिऱ्हाईक एका मेजावर बसून चार चुलींवरचें खाऊं शके. ही व्यवस्था आजतागायत चालूं आहे.

१९४१ च्या डिसेंबरांत जपानी विमानांनीं जॉर्ज टाउनवर बाँब टाकले. शहराचे राज्यकर्ते युरोपियनांना घेऊन गुपचूप निघून गेले. जे मागें राहिले त्यांना कोणी विचारलें नाहीं. १९ डिसेंबरला जपानी सैन्य शहरांत शिरलें. मलायाचें पोट ब्रह्मदेशाच्या व सयामच्या तांदळावर चाले. तो येईनासा झाला, तेव्हां अंगणांतून टॅपिओकाचे कंद व रताळीं लावावीं लागलीं. १९४५ च्या सप्टेंबरपर्यंत लोकांनीं त्यांवरच दिवस काढले. त्या पिढींतील कित्येकांना पुढें जन्मभर त्या कंदाची चव सोसवली नाहीं.

स्वातंत्र्य १९५७ सालीं आलें. १९६९ सालीं खुल्या बंदराची सवलत गेली, व्यापार ओसरला, बेकारी वाढली. १९७२ पासून बायान लेपास येथें कारखाने निघाले तेव्हां कोठें लोकांना श्वास घेतां आला. जुन्या शहरांतील घरें मात्र भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळें गरिबांच्या हातीं टिकून होतीं. १९९९ साल संपतांच तें नियंत्रण उठलें. भाडीं चढलीं आणि कैक कुटुंबें व लहान धंदेवाले जुनें शहर सोडून गेले. २००८ च्या जुलैंत युनेस्कोनें जॉर्ज टाउनला मलाक्कासह जागतिक वारशांत स्थान दिलें. ज्या घरांतून फेरीवाले निघत, त्यांतील पुष्कळांत आज पाहुण्यांसाठीं हॉटेलें आहेत.

आणि आतां प्रश्न उभा राहिला आहे तो वारसाचा. फेरीवाल्यानें धुरांत डोळे जाळून मुलांना शिकविलें, तें मुलांनीं कढईपुढें उभें राहूं नये म्हणूनच. मुलें कचेऱ्यांत गेलीं. रिकाम्या झालेल्या चुलींपाशीं इंडोनेशिया, ब्रह्मदेश, नेपाळ अशा देशांतून आलेले नोकर उभे राहूं लागले. मूळ चव बुडेल, ह्या काळजीनें पेनांगच्या राज्य सरकारनें परदेशी माणसांनीं हातगाड्यांवर स्वयंपाक करूं नये असा नियम काढला. २०१६ पासून तो लागू झाला. त्यांनीं भांडीं घासावीं, बशा पोंचवाव्या. झारा मात्र धरूं नये.

ही काळजी खोटी नाहीं. ज्या पाककलेचा ग्रंथ नाहीं, जी केवळ हातांतून हातांत जाते, ती एका पिढीच्या हेळसांडीनें नाहींशी होऊं शकते. परंतु धक्क्यावर भात नेणारा तमिळ, कढईपुढचा तेओच्यू, कॉफी गाळणारा हैनानी, हे सारे ज्या दिवशीं बोटींतून उतरले त्या दिवशीं परकेच होते. त्यांच्या हातीं झारा देऊं नये असें तेव्हां कोणी म्हटलें असतें, तर आज जतन करावयास कांहीं उरलेंच नसतें. त्यांना ह्या मातीचें केलें तें जन्मानें नव्हे. पहांटे उठून, दुसऱ्याची भूक ओळखून, त्याच्या जिभेला रुचेल असें रांधण्याच्या नित्य कष्टांनीं केलें. ज्याच्या अंगीं ते कष्ट आहेत त्यास शिकवून तयार करणें, हाहि वारसा राखण्याचाच एक मार्ग आहे. पेनांगची कावड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात आली, म्हणूनच तिच्यांतील भात आजवर गरम राहिला.