अष्टेकर, अभय वसंत

(५ जुलै १९४९). सैद्धांतिक भौतिकीविज्ञ. गुरुत्वाकर्षणाच्या पुंज सिद्धांतातील मूलभूत कार्यासाठी प्रसिद्ध. जन्म खानदेशातील शिरपूर (जि. धुळे) येथे. १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठातून रॉबर्ट गेरोश यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पुढे सिरॅक्यूज व पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांत प्राध्यापक.

गुरुत्वाकर्षणाचे वर्णन करणारी व्यापक सापेक्षतेची समीकरणे पुंजयामिकीच्या चौकटीत बसवणे अतिशय अवघड होते. अष्टेकरांनी १९८६ मध्ये ती नव्या चलांत मांडली. ‘अष्टेकर चल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चलांमुळे समीकरणे सुटसुटीत झाली. कार्लो रोव्हेली व ली स्मोलिन यांच्यासह अनेकांनी या चलांच्या आधारे ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धांत विकसित केला. त्यानुसार अवकाश अखंड नसून सुमारे १०⁻³³ सेंमी. या मापावर धाग्यांनी विणलेल्या कापडासारखे असते. क्षेत्रफळ व घनफळ यांना ठरावीक मूल्येच असू शकतात. याच विचारातून विश्वारंभी अनंत घनतेच्या बिंदूऐवजी आधीच्या आकुंचनानंतरची ‘महाउसळी’ सुचवली गेली. सिद्धांताला प्रायोगिक पुष्टी अद्याप मिळालेली नाही. कृष्णविवरांची एंट्रॉपी हाही अष्टेकरांचा संशोधनविषय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (२०१६) आणि अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक (२०१८) त्यांना लाभले.