‘खेळात राजकारण नको’ : एका जुन्या वाक्याचा इतिहास

१/
सामना रंगात आला, की चाहत्यांच्या वादात एक वाक्य हमखास येते : ‘खेळात राजकारण आणू नका.’ हे वाक्य आजचे नाही. ऐंशी वर्षांपूर्वी याच वाक्यावरून मुंबईच्या क्रिकेटमध्ये उभी फूट पडली होती. विशेष म्हणजे, त्या वादात दोन्ही बाजू हेच वाक्य उच्चारत होत्या. हा धागा त्या वादाविषयी.

२/
प्रारंभ पारशी समाजापासून झाला. १८४८ साली मुंबईत पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. १८७७ साली पारशी आणि युरोपीय संघ समोरासमोर आले. १९०७ साली हिंदू संघ आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी. आणि १९३७ साली ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी.

३/
‘इतर’ या संघात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि उरलेले सर्व. म्हणजे खेळाडूने कोणती टोपी घालावी, हे त्याच्या गावावरून वा प्रांतावरून नव्हे, तर त्याच्या जन्मावरून ठरत असे. ही रचना इतकी अंगवळणी पडली होती, की तिला कोणी राजकारण म्हणत नसे. ते ‘नुसते क्रिकेट’ होते.

४/
मात्र हिंदू संघातीलच एका खेळाडूला ते नुसते क्रिकेट कधीच भासले नसावे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात ते मैदानाची देखभाल करीत आणि सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांचे कसब पाहून पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे; चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

५/
१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांचा अभिमान होता. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही.

६/
१९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीरपणे संघातून माघार घेतली. कारण त्यांनी लपवले नाही : जातीमुळे होणारा अन्याय. गदारोळ उठला. पुढच्या सामन्यासाठी तिघेही परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै यांनी काही काळ मैदान सोडून संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

७/
येथे क्षणभर थांबावे. त्या काळी कोणी पळवणकर बंधूंना ‘खेळात राजकारण आणू नका’ असे सांगितले असते, तर त्याचा अर्थ काय झाला असता? अर्थ एवढाच, की अन्याय चालू द्या. त्याविषयी बोलू नका. राजकारण मैदानात आधीपासूनच होते. भावांनी केवळ त्याचे नाव घेतले.

८/
पुढे बाळू स्वतःच राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या स्वाक्षऱ्यांमध्ये त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि त्यांच्यासमोर उभे होते डॉ. आंबेडकर. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. एके काळचा चाहता आणि त्याचा नायक मतपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

९/
दरम्यान सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात चौरंगी स्पर्धा झालीच नाही. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विजय मर्चंट आणि एल. पी. जय उपलब्ध राहिले नाहीत. राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना राज्यकर्त्यांच्या देशात खेळायला जाणे त्यांना पटले नाही. भारताचा पहिला कसोटी सामना याच दौऱ्यात झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते.

१०/
१९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले आणि पहिली पंचरंगी तेथे भरली. हिंदू संघाने त्या वर्षी बहिष्कार घातला. कारण? तत्त्व नव्हे, तर आसनांचे वाटप! हिंदू जिमखान्याला आपल्या सभासदांसाठी मिळालेल्या जागा अपुऱ्या वाटल्या. खेळातील प्रत्येक बहिष्कार विचारांतून जन्मतो असे नाही, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

११/
खरा प्रश्न १९४० साली उभा राहिला. ऑक्टोबरात विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह आरंभला होता. युरोपात युद्ध पेटले होते. डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला गेले. गांधीजींचे म्हणणे दुहेरी होते. अशा काळात करमणूक शोभत नाही, हे एक. दुसरे अधिक मूलगामी : महाविद्यालयांनी वा संस्थांनी आपसांत खेळावे हे समजते, धर्मांनी आपसांत का खेळावे, हे कळत नाही.

१२/
जिमखान्यात सभासदांची सभा भरली, मतदान झाले आणि थोड्या फरकाने माघारीचा निर्णय झाला. त्या वर्षीची पंचरंगी हिंदू संघाविना पार पडली. अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने ‘इतर’ संघाला हरवले. पुढच्याच वर्षी हिंदू संघ परतला. १९४२ साली ‘छोडो भारत’ आंदोलनामुळे स्पर्धा भरली नाही.

१३/
आता दोन्ही बाजू ऐकाव्यात. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा यांच्यासारखे विरोधक सांगत : धर्मावर संघ पाडणे हेच राजकारण आहे, ते खेळातून काढा. समर्थक सांगत : प्रेक्षक खेळ पाहायला येतात, तुम्ही त्यात राजकारण आणता. १९३२ साली राजकीय कारणासाठी दौरा सोडणारे मर्चंट या वादात स्पर्धेच्या बाजूने होते. माणसे एका खणात बसत नाहीत, ती अशी.

१४/
समर्थकांचा दावा पोकळ नव्हता. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ संघाकडून सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या! त्यांचे बंधू विवेक यांनी २१ धावा करीत तीनशेच्या भागीदारीत साथ दिली. संघ डावाने हरला; आठवण मात्र हजाऱ्यांच्या खेळीची राहिली.

१५/
१९४४ च्या सप्टेंबरात मुंबईतच गांधी-जिना वाटाघाटी फिसकटल्या. त्यानंतरच्या हंगामातच हिंदू आणि मुस्लिम संघ अंतिम सामन्यात भिडले. के. सी. इब्राहिम यांनी नाबाद १३७ धावा करून मुस्लिम संघाला एका गड्याने विजय मिळवून दिला. देश दुभंगण्याच्या उंबरठ्यावर असताना हा सामना शेवटच्या धावेपर्यंत खेळला गेला. पंचरंगीच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही. तरीही १९४६ साली स्पर्धा कायमची बंद झाली. फाळणीच्या छायेत धर्माच्या नावाने खेळणे कठीण होऊन बसले होते.

१६/
दुसरी वाट नव्हती का? होती. आज बीड जिल्ह्यात असलेले कडा, आष्टीचा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात १९३० च्या सुमारास मोईन-उद्-दौला सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली. तेथे संघ धर्मावर पाडलेले नव्हते. ‘फ्रीलूटर्स’सारख्या संघांतून नाना प्रांतांचे, नाना धर्मांचे खेळाडू एकत्र खेळत. १९३४ साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेने प्रांत हा आधार धरला. गर्दी पंचरंगीला होती. टिकली मात्र रणजी.

१७/
स्वातंत्र्यानंतरही प्रश्न मिटला नाही. १९९१ च्या ऑक्टोबरात शिवसैनिकांनी वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा नियोजित दौरा रद्द झाला. येथे निर्णय सभेत झाला नाही, मतदानाने तर नाहीच. १९४० च्या माघारीशी हा फरक मूलभूत आहे : तेथे एका संस्थेने स्वतःच्या संघाविषयी ठरवले, येथे इतरांचा खेळच थांबवला गेला.

१८/
या इतिहासातून एक भेद हाती लागतो. मैदानात कोणाला प्रवेश आहे, कर्णधार कोण होऊ शकतो, संघ कशाच्या आधारावर बनतो, हे प्रश्न राजकीय असले तरी खेळाचेच आहेत. ते दडपले असते, तर विठ्ठल पळवणकर कर्णधार झाले नसते. परंतु झेल सुटला म्हणून खेळाडूचा धर्म काढणे, धावबाद झाला म्हणून जात काढणे, यात खेळाचा कोणताच प्रश्न नसतो.

१९/
म्हणून पुढच्या सामन्याच्या संध्याकाळी कोणी ‘खेळात राजकारण नको’ म्हणाले, तर वाद घालण्याआधी एवढेच विचारावे : यातून गप्प कोणाला बसवले जात आहे? पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा पिणाऱ्याला, की त्याला तेथे बसवणाऱ्याला?

(धागा समाप्त)