खुडूक, कुढणे आणि स्मरण

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात क्लॉडियसचे एक वाक्य भाषांतरकाराला अडविते. राजपुत्राची खिन्नता कशावर तरी बसून ते उबवीत आहे आणि त्यातून जे बाहेर पडेल ते धोक्याचे असेल, असे तो म्हणतो. इंग्रजीत हे सहज साधते. कोंबडीचे बसणे आणि मनाचे झुरणे यांना तेथे ‘ब्रूडिंग’ हा एकच शब्द आहे. मिल्टननेही ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या (१६६७) आरंभी आदिम विवरावर कबुतरासारखा बसलेला ईश्वरी आत्मा ह्याच शब्दाने उभा केला.

मराठीने ही घरे वेगळी ठेवली. नांदेड-लातूरकडच्या अंगणांत कोंबडी खुडूक होते, एकवीस दिवस अंडी उबविते. माणूस मात्र कुढतो. एका शब्दात ऊब आहे, दुसऱ्यात नुसते जळणे. तरी एक क्रियापद दोघांत समाईक उरते. कोंबडी अंड्यांवर बसते, माणूस विचार करीत बसतो, कुढत बसतो. वैयाकरण त्यास सहायक क्रियापद म्हणून मोकळे होतील. आम्हांस त्यात अंड्यांची आठवण दिसते.

आपल्या परंपरेने हा सांधा अन्यत्र जुळविला आहे. कुलार्णव तंत्रात दीक्षेचे प्रकार सांगताना तीन माता येतात: पक्षिणी पंखांच्या स्पर्शाने, मासळी दृष्टीने आणि कासवी केवळ ध्यानाने पिले वाढविते. मराठी संतांनी दृष्टी कासवीकडे दिली. वास्तव कठोर आहे. कासवी वाळूत अंडी पुरून निघून जाते. उबविते ती वाळू. आई दिसत नाही, पिले तर निघतात, ह्या कोड्याचे उत्तर म्हणून कोणी तिचे चिंतन कल्पिले असावे.

असेच चिंतन नांदेडला रोज सायंकाळी कानी पडते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथास गुरुपद दिले ते येथेच. हुजूर साहिबच्या सायंप्रार्थनेत, रहिरासमध्ये, गुरू अर्जनदेवांचे एक पद आहे. मना, तू चिंता का वाहतोस, असे ते विचारते आणि दाखला देते शेकडो कोस उडून आलेल्या पक्ष्यांचा. मागे राहिलेल्या पिलांना कोण भरविते? रूढ अर्थ असा, की माता मनात त्यांचे स्मरण धरून असते. भाष्यकार तो पक्षी कुंज, म्हणजे आपला करकोचा, मानतात. चिंता आणि स्मरण ह्यांची फारकत एकाच पदात झाली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्या ग्रंथात हे पद आहे त्यातच शेजारच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांच्या प्रसिद्ध मराठी अभंगात मात्र वाट पाहते ते पिलू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. मागे उरलेली पत्र्याच्या निवाऱ्यांत मुकाट बसून राहिली. त्या बसण्याला ‘कुढणे’ म्हणावयास आमची लेखणी धजत नाही. पिले गेली होती, आणि आया त्यांना मनात धरून होत्या.