अभिजात कादंबऱ्यांची स्वतःची यादी

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारणपणे तिथूनच मराठी कादंबरीचा आरंभ मानला जातो. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत लिहिले गेलेले सर्वच वाचणे कोणालाही शक्य नाही. नोकरी आणि प्रवास यांतून वेळ काढणारा शहरी वाचक महिन्याला एक कादंबरी वाचू शकला, तरी वर्षाकाठी बाराच होतात. म्हणूनच निवड करावी लागते, आणि ती निवड दुसऱ्याच्या ‘सर्वोत्कृष्ट शंभर’वर सोपवली, की वाचन हे कर्तव्य होऊन बसते. यादी स्वतःची हवी ती याचसाठी.

अभिजात कशाला म्हणावे?

केवळ जुनेपणा हा निकष नव्हे आणि खप हाही नव्हे. ज्या प्रश्नातून कादंबरी जन्मली तो प्रश्न मागे पडल्यावरही जी वाचावीशी वाटते, ती अभिजात. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. बालविवाह आणि वैधव्य यांबाबतचे कायदे व रूढी पुढे बदलल्या. तरीही घरातल्या माणसांनीच केलेली कोंडी यमूच्या तोंडून ऐकताना आजचा वाचक अस्वस्थ होतो. पुरस्कार हे केवळ दिशादर्शक समजावेत. ‘ययाति’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तर ‘वासुनाका’च्या वाट्याला अश्लीलतेच्या आरोपांचे वादंग आले. आज दोन्ही कादंबऱ्या मराठीच्या इतिहासात आहेत.

काळाचे टप्पे

यादीचा सांगाडा काळानुसार उभारणे सोयीचे ठरते. पहिला टप्पा हरिभाऊंचा. त्यांच्या सामाजिक कादंबरीबरोबर शिवकाळावरील ‘उषःकाल’ घेतली, तर एकाच लेखकाच्या दोन वाटा दिसतात. दुसरा टप्पा दोन महायुद्धांच्या मधला. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०), विभावरी शिरूरकर यांची ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आणि विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) या तीन कादंबऱ्यांत विवाह, स्त्रीचे स्वातंत्र्य आणि जगावर येऊ घातलेले युद्ध हे विषय येतात. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडणारी ‘रणांगण’ आकाराने लहान आहे; नव्या वाचकाने तिच्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही.

तिसरा टप्पा १९५० नंतरचा, आणि तो सर्वांत समृद्ध आहे. येथे काळापेक्षा भूगोल अधिक उपयोगी पडतो. गो. नी. दांडेकर यांची ‘पडघवली’ आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ कोकणात नेतात. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ माणदेशातील धनगरांची वाडी व दुष्काळ दाखवते. उद्धव शेळके यांची ‘धग’ वऱ्हाडातील कौतिकचा संसार मांडते. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ वारणेच्या खोऱ्यातील बंडखोराची कथा सांगते. मुंबईतील झोपडपट्टी जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’मध्ये आढळते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) खानदेशातून पुण्यास शिकण्यासाठी आलेल्या पांडुरंग सांगवीकरची. तिने मराठी कादंबरीची भाषाच बदलली.

यादी कोणाला वगळते?

यादी तयार झाल्यावर ती एकदा तपासून पाहावी. लेखकांत स्त्रिया किती? पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गाबाहेरचे जग किती? बहुतेक तयार याद्यांत ऐतिहासिक व पौराणिक कादंबऱ्यांना भरपूर जागा असते. ‘इंधन’ लिहिणारे हमीद दलवाई मात्र क्वचितच भेटतात. वगळलेली नावे मागाहून भर म्हणून नव्हे, तर आरंभीच यावीत. अन्यथा वाचकाच्या मनातला मराठी समाज अपुराच राहतो. ‘स्वामी’सारखी ऐतिहासिक कादंबरी जरूर वाचावी, मात्र तिला इतिहासाचा पुरावा समजू नये.

जोडीने वाचन

एकामागून एक सुटी पुस्तके वाचण्याऐवजी जोड्या लावाव्यात. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ‘हिंदोळ्यावर’ एकत्र वाचल्यास पुरुषाने व स्त्रीने लिहिलेल्या स्त्रीजीवनातील फरक कळतो. ‘स्वामी’ व ‘फकिरा’ यांतून पराक्रमाची दोन भिन्न रूपे दिसतात. ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तर आणि ‘कोसला’तील विद्यार्थी शेजारी ठेवले, की गाव व शहर यांच्यातील अंतर स्पष्ट होते.

काही व्यावहारिक पथ्ये

वर्षाला बारांपैकी आठच नावे आधी ठरवावीत. उरलेल्या चार जागा वाचताना सुचणाऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. पन्नास पानांनंतरही मन रमले नाही, तर पुस्तक विनासंकोच बाजूला ठेवावे, परंतु यादीतून खोडू नये. वयाच्या विसाव्या वर्षी कंटाळवाणी वाटलेली कादंबरी चाळिशीत आपली वाटू शकते. ‘धग’मधील वऱ्हाडी बोली जड वाटल्यास संवाद मोठ्याने वाचावेत, कान सरावला की अर्थ आपोआप लागतो.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे १९१९ मध्ये निवर्तलेल्या हरिभाऊंच्या कादंबऱ्या कोणीही छापू शकतो. अशा पुस्तकांच्या बाबतीत आवृत्ती संक्षिप्त आहे की संपूर्ण, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांकडे वळावे.

प्रत्येक पुस्तकापुढे वाचनाची तारीख आणि दोन ओळींचे मत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी हीच वही वाचकाला त्याची आवड कोणत्या दिशेने सरकली ते सांगेल, आणि पुढची यादी त्यातूनच आकार घेईल.